कोकणातील कॅथॉलिक शाळेत प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कॅथॉलिक शाळा राज्यातील इतर शाळांप्रमाणेच उन्हाळ्याच्या सुटीनंतर साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात. प्रवेशाचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि बालवर्गाचे अर्ज तर अनेक ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच दिले जातात. जूनमध्ये शाळेच्या कार्यालयासमोर जी धावपळ दिसते, ती बहुतांशी जागा नसल्यामुळे होत नाही. कागदपत्रांतील नावे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे होते. म्हणून पुढील माहितीत नावाच्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

या शाळा सरकारच्या नव्हेत. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर १९९८ मध्ये स्थापन झालेला वसई धर्मप्रांत (म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेश), रायगडात मुंबईचा महाधर्मप्रांत आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात २००५ मध्ये स्थापन झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत, अशी त्यांची धर्मप्रांतीय रचना आहे. काही शाळा थेट धर्मप्रांताच्या, तर काही धर्मभगिनींच्या किंवा धर्मबंधूंच्या संस्थांच्या व्यवस्थापनाखाली चालतात. त्यामुळे शालेय प्रवेशासाठी सर्वांचा मिळून एकच ऑनलाइन अर्ज नसतो. अर्ज ज्या त्या शाळेच्या कार्यालयातूनच घ्यावा आणि तारखांसाठी त्याच शाळेचा सूचनाफलक प्रमाण मानावा.

पात्रतेचा पहिला प्रश्न धर्माचा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नेमकेपणाने समजून घेणे आवश्यक आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याक समाजाला आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार आहे, आणि त्याच आधारे बहुतेक कॅथॉलिक शाळा प्रवेशात स्थानिक धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील, कॅथॉलिक मुलांना अग्रक्रम देतात. त्यानंतर शाळेत आधीपासून शिकणाऱ्या मुलांची भावंडे आणि मग परिसरातील इतर मुले, असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. मात्र अग्रक्रम म्हणजे इतरांना दार बंद, असा अर्थ नाही. अनुदानित संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे अनुच्छेद २९(२) सांगतो, आणि कोकणातील या शाळांच्या वर्गांत हिंदू, मुस्लिम व बौद्ध घरांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. आपण कॅथॉलिक नाही म्हणून अर्जच न करणारे पालक एक चांगली संधी विनाकारण सोडतात.

याउलट, शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांची सोडत या शाळांसाठी निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नसल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन सदस्यीय पीठाने त्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले, तरी केवळ तेवढ्याने आजची स्थिती बदलत नाही. म्हणून सोडतीची वाट पाहत कॅथॉलिक शाळेचा अर्ज राहून जाऊ देऊ नये.

वयाचा नियम सोपा आहे. राज्यात मोजणीची तारीख ३१ डिसेंबर आहे. त्या दिवशी बालवर्गासाठी तीन व पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत. २०२६-२७ च्या पहिलीत प्रवेश घेणारे मूल ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वी जन्मलेले असले पाहिजे.

आता कागदपत्रांकडे वळू. सर्व कागदांचा पाया जन्मदाखला आहे, आणि येत्या वर्षांत त्याचे महत्त्व आणखी वाढणार आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य आहे, आणि या मुलांची पहिली तुकडी २०२६-२७ मध्येच बालवर्गाच्या वयाची होत आहे. जन्मदाखला राहत्या गावाच्या ग्रामपंचायतीत नव्हे, तर जन्म जिथे झाला तेथील निबंधकाकडे मिळतो. सिंधुदुर्गातील अनेक मुलांचा जन्म बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये किंवा कोल्हापुरात, तर रत्नागिरी-रायगडातील पुष्कळांचा मुंबईत झालेला असतो. अशा पालकांनी दाखल्यासाठी लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा. नोंदीत मुलाचे नावच घातलेले नसेल, तर ते वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती पडेल अशी आशा धरू नये.

कॅथॉलिक कुटुंबांनी बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी देऊ नये. त्याचे काम वेगळे आहे : अग्रक्रमासाठी मूल कॅथॉलिक असल्याचे तो सिद्ध करतो. तो ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेथूनच मिळतो. कुटुंब आता दुसऱ्या धर्मग्रामात राहत असल्यास तेथील प्रमुख धर्मगुरूंचे पत्रही काही शाळा मागतात. अडचण येते ती येथेच. बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोन-तीन नावे, जन्मदाखल्यावर एक नाव, आणि घरात हाक मारायचे तिसरेच. आडनावाची स्थिती याहून कठीण असते : आजोबांच्या दाखल्यावर ‘डिसोजा’, वडिलांच्या आधारवर ‘डिसोझा’ आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘डिसूझा’. प्रवेशाच्या वेळी जे लेखन जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या कायम नोंदवहीत, चढते, तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते. मूल शाळेत असेपर्यंत त्यातील दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने करता येते. शाळा सोडल्यानंतर ती अतिशय अवघड होते. म्हणून जन्मदाखल्यावरील लेखन आधी निश्चित करावे, आधार त्यानुसार दुरुस्त करावे, आणि अर्ज मराठी व इंग्रजी दोन्ही लिप्यांत त्याच लेखनाने भरावा. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत याच कामावर सर्वाधिक वेळ खर्च करणे योग्य आहे.

आधारविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केवळ आधार नाही म्हणून मुलाला शाळाप्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही कार्यालयातील लिपिक आधारचा आग्रह धरतात, कारण अनुदानित शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत आधार-पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या विचारात घेतली जाते, आणि नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांपैकी काहीही जुळले नाही तर ती पडताळणी अडकते. त्यामागे पालकांना त्रास देण्याचा हेतू नसतो. पाच वर्षांखालील मुलाच्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाचवे वर्ष पूर्ण झाल्यावर बायोमेट्रिक नोंद करून घ्यावी लागते, आणि पंधराव्या वर्षी ती पुन्हा अद्ययावत करावी लागते. पहिली आणि दहावी या दोन्ही टप्प्यांच्या आसपास हे काम येते.

याखेरीज निवासाचा पुरावा, मुलाची व पालकांची छायाचित्रे, लसीकरणाची नोंद आणि लागू असल्यास जातीचा दाखला जोडावा. अर्जातील धर्म व जात हे रकाने घाईने भरू नयेत, कारण पुढे जातपडताळणीत शाळेच्या नोंदीच पुराव्यादाखल पाहिल्या जातात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागितले जातात आणि ते बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यातच सापडतात.

मधल्या इयत्तेत येणाऱ्या मुलांसाठी शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रक आवश्यक असते. मुंबईहून गावी परतणाऱ्या चाकरमानी कुटुंबांनी कागदी दाखल्याबरोबरच मुलाची ऑनलाइन नोंद जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे वर्ग झाल्याची खात्री करावी. दाखला गोव्यातील किंवा अन्य राज्यातील शाळेचा असेल, तर त्यावर तेथील शिक्षण अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघावे. नंतर त्यासाठी पुन्हा सीमा ओलांडावी लागते.

शाळेत आधीपासून असलेल्या विद्यार्थ्यांना नवा अर्ज लागत नाही, परंतु पत्ता, दूरध्वनी किंवा पालकत्वात बदल झाला असल्यास तो पहिल्याच आठवड्यात लेखी कळवावा. आई-वडील दोघेही आखाती देशात असतील, तर मुलाची जबाबदारी सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचे नाव त्यांच्या संमतिपत्रासह नोंदवून ठेवणे मुलाच्या सुरक्षिततेसाठी फार गरजेचे आहे.

धर्मशिक्षणाबाबत इतर धर्मीय पालकांच्या मनात शंका असते. अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य वा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास सांगता येत नाही. कॅथॉलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असताना इतर मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा तास ठेवण्याची रीत अनेक शाळांत आहे. अर्ज भरतानाच याविषयी मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलावे.

शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीमार्फत ठरते, अशी तरतूद २०११ च्या राज्याच्या शुल्क नियमन कायद्यात आहे, आणि प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने मनाई केली आहे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. अर्ज देतानाही दिनांक व शिक्का असलेली पोच मागावी. प्रवेश नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, आणि ते मिळाले नाही तर त्या पोचेची प्रत जोडून जिल्हा परिषदेतील प्राथमिक किंवा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, इयत्तेनुसार, अर्ज करावा.