बालगंधर्व : जळगावचे दिवस आणि गायकी

राजहंस, नारायण श्रीपाद ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८–१५ जुलै १९६७). मराठी संगीत रंगभूमीवरील थोर गायक-नट. विशेष ख्याती स्त्रीभूमिकांसाठी. जन्मस्थळाबाबत पुणे व नागठाणे (जि. सांगली) असे दोन पक्ष आहेत. नागठाणे हे घराण्याचे गाव असल्याने तेथील दावा जिव्हाळ्याचा आहे. तथापि पुण्याचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

खानदेशाशी त्यांचा संबंध बालपणाचा. नारायण काही काळ जळगावला नातलगांकडे राहिला आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्याला गाण्याची पहिली रीतसर तालीम मिळाली. हा काळ १९०५ पूर्वीचा, म्हणून त्या संदर्भात ‘पूर्व खानदेश’ हा शब्द वापरू नये. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता व त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. पूर्व व पश्चिम अशी विभागणी १९०६ मध्ये झाली आणि त्यानंतर जळगाव हे पूर्वेकडील जिल्ह्याचे ठाणे बनले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या हमरस्त्यावरचे हे गाव कापसाची पेठ म्हणून आधीच नावारूपाला आलेले होते. पडदे, पेटारे आणि आचाऱ्यांसह बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या नाटक कंपन्यांना अशी स्टेशनाची गावे सोयीची पडत.

‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांच्या तोंडचे, असे परंपरा सांगते. पुण्यात दहा-एक वर्षांच्या नारायणाचे गाणे ऐकून टिळकांनी हा उद्गार काढला, असा त्या आख्यायिकेचा गाभा असून प्रसंगाचे साल सामान्यतः १८९८ धरले जाते. ते मान्य करायचे तर एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. राजद्रोहाच्या खटल्यात सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते सुटले. म्हणजे १८९८ मधील प्रसंग असेल तर तो वर्षाच्या अखेरच्या चार महिन्यांतलाच. दुसरा मुद्दा उद्गाराच्या स्वरूपाचा. समारंभाने दिलेली पदवी असे त्याचे वर्णन करण्यापेक्षा, कौतुकाने निघालेला आणि लोकांनी उचलून धरलेला शब्द असे मानणे सयुक्तिक ठरेल. याच्याशी ताडून पाहण्याजोगे उदाहरण खानदेशातच आहे. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले ते १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात, भरसभेत. दोन्ही नावांत ‘बाल’ असला तरी एकाचा उगम बैठकीतला, दुसऱ्याचा मंचावरचा; ही दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत.

१९०५ मध्ये नारायण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. कंपनीचे गाजलेले गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तल्यापासून कंपनीला गाणारी नायिका हवी होती. ती ‘शाकुंतल’मधील शकुंतलेच्या रूपाने मिळाली. पुढे शास्त्रीय गायक भास्करबुवा बखले यांची तालीम लाभली आणि बालगंधर्वांच्या गायकीचे श्रेय बहुधा त्यांनाच दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु सतराव्या वर्षी कंपनीत पाऊल टाकणारा मुलगा शकुंतलेची पदे पेलतो, ते आधी गळा मुरलेला असल्याशिवाय घडत नाही. म्हणून जळगावच्या तालमीला चरित्रांत एका ओळीपेक्षा अधिक जागा हवी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

पाश्चात्त्य संगीतिकेतील ‘टेनर’ या उंच पुरुषी आवाजाशी बालगंधर्वांच्या आवाजाची तुलना अधूनमधून होते. ती बेताने करावी. संगीतिकेत रचनाकाराने स्वरांची उंची आधीच बांधलेली असते आणि टेनरला तेथवर पोचावे लागते. मराठी नाटकात नट आपली पट्टी स्वतः ठरवतो आणि साथ त्याच्यामागे चालते. शिवाय टेनर गातो तो बहुधा नायक. बालगंधर्व पुरुषाच्या गळ्याने नायिका गात, तीही बायकी नक्कल न करता. साम्य आहे ते गरजेत: ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे. ते काम बालगंधर्व आवाज चढवून करीत नसत, शब्द स्वच्छ ठेवून करीत. ‘स्वयंवर’ नाटकातील यमन रागातले ‘नाथ हा माझा’ लक्ष देऊन ऐकावे. लहान, चपळ तान शब्दाच्या पोटातून निघते आणि पुन्हा त्याच शब्दात मिटते. अक्षर कोठे तुटत नाही. साथीला ऑर्गन असे. पेटीच्या साथीदाराचा एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनला वारा पायांनी द्यायचा, त्यामुळे दोन्ही हात सुरांवर राहतात आणि भरीव, सलग स्वर गायकाच्या पाठीशी उभा राहतो. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ व सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार त्यांच्या कंपनीत होते.

१९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलीचे निधन झाले असताही त्यांनी भामिनीची भूमिका केली. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) ही तिची गाजलेली नाटके. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी गायक-नट केशवराव भोसले यांच्यासह ‘मानापमान’चा एकत्र प्रयोग, म्हणजे ‘संयुक्त मानापमान’, झाला. बोलपटांच्या काळात कंपनी खालावली. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत दिसतात. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण. निधन पुण्यात.

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानतर्फे शहरात बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो.