गिटारच्या हेडस्टॉकची भेग व घरगुती दुरुस्ती

हेडस्टॉकची भेग म्हणजे गिटारची मान संपून खुंट्यांचा माथा (हेडस्टॉक) जिथे सुरू होतो, त्या नटलगतच्या (तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीलगतच्या) भागाला गेलेला तडा. ठाणे-नवी मुंबईत त्याची कारणे ठरलेली: भिंतीला टेकवलेली गिटार फरशीवर घसरणे, नाहीतर पातळ कापडी बॅगेतली गिटार लोकलमध्ये चढताना दांड्यावर आपटणे.

दोष अनेकदा पाडणाऱ्यापेक्षा घडणीचाच जास्त असतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या पद्धतीच्या बऱ्याच गिटारींत माथा सुमारे 17 अंश मागे झुकलेला असतो. मान आणि माथा महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापल्याने वाकणापाशी लाकडाचे तंतू आखूड पडतात, आणि नेमकी तिथेच ट्रस रॉडसाठी (मानेला आतून आधार देणाऱ्या धातूच्या सळईसाठी) खाच कोरलेली असते. फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीचा सरळ, मेपलचा माथा क्वचितच तडकतो.

तडा दिसताच तारा पूर्ण सैल कराव्यात. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर एकूण ताण 70 किलोच्या आसपास असतो, आणि तो भेग वाढवतच राहतो. भेग पुन्हापुन्हा उघडून पाहू नये. तुटलेले तंतू चुरगळले की ते एकमेकांत नीट बसत नाहीत. घाईने सुपरग्लू ओतणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय, कारण वाळलेला ग्लू लाकडात मुरून बसतो आणि पुढचा कुठलाही गोंद तिथे धरत नाही.

माथा अजून जागेवर असेल आणि भेग ताजी असेल, तर नवशिक्यालाही हे काम जमते. टाइटबाँडसारखा पिवळा लाकडी गोंद उत्तम. सुताराकडचा पांढरा फेव्हिकॉलही पकड चांगली देतो, पण सततच्या ताणाखाली असा पांढरा गोंद हळूहळू सरकू शकतो. गोंद लावण्याआधी क्लॅम्प (आवळायचे शिकंजे) कोरडेच लावून पाहावेत. मानेची पाठ गोल असते, म्हणून क्लॅम्पखाली ठेवलेला सपाट लाकडी गुटका (ठोकळा) निसटतो. गुटक्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावला की तो बसतो. मग माथा हलकेच वाकवून भेग जेमतेम उघडावी आणि सुई काढलेल्या सिरिंजने गोंद आत सोडावा. माथा थोडा हलवत राहिले की गोंद खोलवर ओढला जातो. गुटक्याखाली प्लॅस्टिकचा कागद हवाच, नाहीतर गुटकाही गिटारला चिकटतो. क्लॅम्प आवळल्यावर भेगेच्या पूर्ण लांबीवर गोंदाचे बारीक थेंब दिसले पाहिजेत. मध्येच कोरडी जागा राहिली तर तिथे गोंद पोचलेला नाही. थेंब ओल्या फडक्याने लगेच पुसावेत आणि ट्रस रॉडच्या खाचेत शिरलेला गोंद कापसाच्या काडीने काढावा.

किमान 24 तास क्लॅम्प हलवू नये. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गोंद रेंगाळतो. तेव्हा तारा चढवायला आणखी दोन-तीन दिवस थांबलेले बरे. दुरुस्तीची रेघ दिसत राहते, पण नीट भरलेला सांधा शेजारच्या लाकडापेक्षाही मजबूत होऊ शकतो.

माथा पूर्ण वेगळा झाला असेल, तुकडे हरवले असतील किंवा जुनाच सांधा पुन्हा सुटला असेल, तर काम घरचे नाही. तिथे आतून लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात, आणि ते जाणत्या कारागिराकडेच द्यावे.