ज्युदोत लाथ नसते, वेळ साधायची असते

ज्युदोत पायाने पाडायचं म्हणजे नडगीवर जोरात लाथ घालायची, हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा. स्पर्धेत लाथेला परवानगीच नाही.

‘देआशी-हाराई’ घ्या, कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेच्या १९२० सालच्या ४० डावांच्या यादीतला हा पहिलाच. ‘हाराई’ म्हणजे झाडून काढणं. प्रतिस्पर्धी पाऊल पुढे टाकतो. ते टेकतंय, पण अंगाचा भार अजून पुरता आलेला नाही, नेमक्या त्या क्षणी आपल्या पायाच्या तळव्याने त्याचं पाऊल घोट्याखालून सरकवायचं, तेही त्याच्याच चालीच्या दिशेने. हात त्याच वेळी बाही खाली ओढतात. भार एकदा पडला की कितीही जोर लावा, पाय जागचा हलत नाही. सुजतात त्या नडग्या, दोघांच्याही. म्हणून नवशिक्यांना आधी चाल ओळखायला शिकवा, जोर नंतर.