अर्ध्या मिलिमीटरचं अंतर

बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, तेव्हा खोट पहिल्यांदा आईच्या नजरेला पडली. गडद मरून रंगाचं जाड कार्ड, त्यावर सोनेरी अक्षरं, मधोमध घडी. आणि त्या घडीवर वरपासून खालपर्यंत रंग तडकून उमटलेली पांढरी रेघ. एका पत्रिकेवर नव्हे, सगळ्या गठ्ठ्यावर. छापखान्याचं म्हणणं पडलं, "कार्ड जाड आहे, एवढं होतंच." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. कारण घरातच टूथपेस्टचा रिकामा खोका पडला होता. तोही पुठ्ठ्याचाच, तोही रंगीत, चार ठिकाणी काटकोनात दुमडलेला, आणि एकाही घडीवर रंग फुटलेला नव्हता. काही पैशांत तयार होणाऱ्या खोक्याला जे जमतं, ते महागड्या पत्रिकेला का जमू नये?

याचं उत्तर मला पुढे पुण्यात नारायण पेठेतल्या एका डाय-पंचिंगच्या, म्हणजे साच्यानं पुठ्ठा कापून घडीची रेघ पाडून देणाऱ्या गाळ्यात मिळालं. तिथलं यंत्र म्हणजे खाली बिजागरी असलेले दोन अवजड लोखंडी पाट. ते जबड्यासारखे उघडतात, मिटतात. एका पाटावर डाय बसवलेली असते: साधारण १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, त्यात खोक्याच्या आकाराच्या बारीक चिरा पाडलेल्या आणि त्या चिरांत उभ्या ठोकलेल्या पोलादी पट्ट्या. पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना रबराचे तुकडे चिकटवलेले असतात, म्हणजे दाब सुटला की ते ताव ढकलून मोकळा करतात. पूर्वी या चिरा बारीक करवतीनं हातानं कापत. आता लेझरनं कापतात.

मशीनमन उजव्या हातानं कोरा ताव आत लावत होता, डाव्या हातानं कापलेला बाहेर घेत होता. जबडा मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. अशा यंत्रांनी बोटं गमावलेली माणसं या धंद्यात आहेत, हे कुणालाही विचारून बघा. जबड्याच्या तोंडाशी एक सेफ्टी पट्टी असते, तिला हात लागला की यंत्र थांबतं. काम अडतं म्हणून ती पट्टी बांधून ठेवायला लावणारा मालक दुसऱ्याच्या बोटांवर पैसे कमावतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनमननं मला डाय हातात देऊन पट्ट्यांवरून अलगद बोट फिरवायला सांगितलं. काही धारदार होत्या, काहींचं डोकं गोल, बोथट. धारदार पट्टी कापते, बोथट पट्टी घडीची रेघ पाडते. तिला क्रीज म्हणतात. कापणाऱ्या पट्टीची उंची २३.८ मिलिमीटर. क्रीजची पट्टी तिच्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर बुटकी. एकाच दाबात एक पट्टी पुठ्ठ्याच्या आरपार जाते आणि शेजारची त्याला नुसती दाबून थांबते. नीट पाहिलं तर हा फरक पुठ्ठ्याच्या स्वतःच्या जाडीएवढाच असतो. पुठ्ठा जाड घेतला की क्रीजची पट्टी तेवढी आखूड घ्यायची.

कापणं समजायला सोपं आहे. दाबलेल्या रेघेवर पुठ्ठा न फाटता कसा मोडतो, ते मात्र बारकाईनं बघण्याजोगं आहे.

पुठ्ठा एकसंध नसतो, तो थरांचा बनलेला असतो. लगद्यातले तंतू त्यात आडवे पसरलेले असतात, म्हणून ताणायला तो चिवट; पण एक थर दुसऱ्यापासून सोलून काढायला फार जोर लागत नाही. जाड वस्तू वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आखडते. पत्रिकेचं कार्ड सरळ दुमडलं, तेव्हा सगळा ताण बाहेरच्या, छापलेल्या थरावर आला. कागदाच्या तंतूंना इतकं ताणणं सोसत नाही. ते तुटले, वरची शाई फाटली आणि आतला पांढरा कागद दिसू लागला.

क्रीजची पट्टी घडीच्या आधीच पुठ्ठ्याला आतून सैल करते. तिच्या समोर, दुसऱ्या पाटावर, एक अरुंद खाच असते. पट्टी पुठ्ठ्याला त्या खाचेत ढकलते. खाचेच्या दोन्ही कडांशी थर एकमेकांवरून घसरतात आणि त्यांची आपसातली पकड सुटते. वरून काही तुटलेलं नसतं, पण आतून ती जागा सुट्या पानांच्या वहीसारखी झालेली असते. वही वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात, कुठलंच पान फाटत नाही. तेच इथे घडतं. घडी घालताना आतले सुटे थर फुगून बाजूला होतात, बाहेरच्या थराला फारसं ताणावं लागत नाही.

घरातला टूथपेस्टचा किंवा औषधाचा खोका उलगडून आतली बाजू बघा. प्रत्येक घडीवर बारीक फुगवटा दिसेल. पट्टी छापलेल्या बाजूनं दाबलेली असते आणि फुगवटा आतल्या अंगाला येतो. घडी या फुगवट्याच्या बाजूलाच घालायची. कार्डांना हातानं घड्या घालणारे पुष्कळ जण इथे चुकतात. समोर खोलगट रेघ दिसते, म्हणून त्या बाजूला दुमडतात. फुगवटा बाहेर राहतो आणि क्रीज असूनही रंग तडकतो.

खाच किती रुंद हवी, याचा धंद्यातला ठोकताळा असा: पट्टीची जाडी, अधिक पुठ्ठ्याच्या जाडीची दीडपट. ०.७१ मिलिमीटरची नेहमीची पट्टी आणि ०.४ मिलिमीटरचा पुठ्ठा घेतला, तर खाच १.३ मिलिमीटरची. ती अरुंद पडली तर वरचा थर तिथेच चिरतो. रुंद झाली तर थर पुरेसे सुटत नाहीत, घडी भलतीकडेच पडते आणि खोका तिरका उभा राहतो.

यात भर पडते कागदाच्या ग्रेनची. कागद यंत्रावर तयार होताना ओला लगदा ज्या दिशेनं धावतो, त्या दिशेला बरेचसे तंतू लागतात. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं, ते यामुळे. घडी ग्रेनच्या दिशेनं असेल तर ती तंतूंच्या मधून जाते. आडवी असेल तर तंतूच मोडावे लागतात. बहिणीच्या पत्रिका मी पुन्हा काढून पाहिल्या. क्रीज नव्हती आणि घडी ग्रेनला आडवी होती. म्हणजे "एवढं होतंच" असं नव्हतं. टाळता आलं असतं.

कापणारी आणि दाबणारी पट्टी एकाच चौकटीत बसवायची ही कल्पना एका चुकीतून सुचली. मूळचा स्कॉटलंडचा रॉबर्ट गेअर न्यूयॉर्कमध्ये कागदी पिशव्यांचा कारखाना चालवत होता. १८७९ मध्ये बियाण्यांच्या पिशव्यांवर घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी छापयंत्रावर जागेवरून हलली आणि दाबायच्या ऐवजी पिशव्या कापत सुटली. माल वाया गेला. पण गेअरनं ताडलं, की पट्टीच्या उंचीत जरासा फरक ठेवला तर एकाच दाबात कापही मिळेल आणि घडीही. तोवर कापणं आणि रेघ पाडणं ही वेगवेगळी, बरीचशी हाताची कामं होती. त्याचं यंत्र तासाला ७५० ताव दाबायचं, एका तावात १० खोकी, म्हणजे तासाला ७,५०० खोकी. ती सपाट रचून दुकानदाराकडे पाठवायची, त्यानं तिथे उभी करायची. चूक बऱ्याच जणांच्या हातून होते, पण नासलेल्या मालाकडे गेअरसारखं निरखून पाहणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आजची मोठी यंत्रं जबड्याची नसतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बॉब्स्ट कंपनीनं १९४० मध्ये आपलं पहिलं स्वयंचलित सपाट डाय-कटिंग यंत्र बाजारात आणलं. याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ पिरंगुटला आहे. अशा यंत्रांत साखळीवरचे चिमटे ताव ओढत आणतात, खालचा पाट वर उचलला जातो, दोन-तीनशे टनांचा दाब क्षणभर पडतो आणि ताव पुढे सरकतो. तासाला ९,००० ताव धरले तर सेकंदाला अडीच. दर वेळी ताव झटक्यानं थांबतो आणि झटक्यानं सुटतो. मग कापलेली खोकी आणि मधली कात्रणं त्या धक्क्यानं विखरून का जात नाहीत?

कारण ती पूर्ण कापलेलीच नसतात. धारदार पट्टीला जागोजागी घासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खाचा केलेल्या असतात. तिथे पुठ्ठ्याचा केसाएवढा दुवा शिल्लक राहतो आणि सगळा ताव एकसंध प्रवास करतो. पुढच्या टप्प्यावर खिळ्यांसारख्या पिना कात्रण खाली ढकलतात आणि दुवे तुटतात. छोट्या गाळ्यांत तावांचा गठ्ठा करून कात्रण हातोडीनं ठोकून काढतात. खोक्याच्या कापलेल्या कडेवरून नख फिरवलंत तर एखाद्या ठिकाणी बारीक खरखर लागेल. तो तुटलेला दुवा. दुवा फार बारीक ठेवला तर ताव यंत्रातच फाटून अडकतो. जाड ठेवला तर खोक्याला मिशा राहतात.

नालीदार पुठ्ठ्याची, म्हणजे सपाट कागदांच्या मधे चुण्यांचा कागद असलेल्या पुठ्ठ्याची गोष्ट थोडी वेगळी. इंग्लंडमध्ये १८५६ मध्ये कागदाला अशा चुण्या पाडण्याचं पेटंट घेतलं गेलं, ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. अमेरिकेत १८७१ मध्ये त्यात बाटल्या गुंडाळायची कल्पना निघाली आणि १८७४ मध्ये चुण्यांवर सपाट कागद चिकटवला गेला. वाफेनं तापवलेल्या दोन दातेरी रुळांमधून कागद जातो. उष्णतेनं आणि ओलाव्यानं तंतू मऊ पडतात आणि चुणीचा आकार घेऊन गार होतात. खोक्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका जातीत १ मीटर पुठ्ठ्यामागे आतला कागद साधारण १.४ मीटर लागतो.

तो चिकटवायला लागते ती खळ. पतंग चिकटवायला आपण मैद्याची खळ चुलीवर शिजवतो, तशी शिजवून ओतली तर या वेगात ती आवरणार नाही. घट्ट असते आणि पाणीही फार. १९३० च्या दशकात निघालेली युक्ती अशी, की थोड्या शिजवलेल्या स्टार्चमध्ये कच्चे दाणे तरंगत ठेवायचे. ही पातळ खळ चुणीच्या फक्त शेंड्यांवर लागते आणि तापलेला कागद टेकताच कच्चे दाणे तिथल्या तिथे फुगून शिजतात. पिठलं एकाएकी घट्ट होतं ना, तसंच. कॉस्टिक सोडा घालून शिजण्याचं तापमान ६० अंश सेल्सियसच्या आसपास आणलेलं असतं.

खोका किती वजन पेलेल, याचं सूत्र अमेरिकेतल्या अ‍ॅपल्टन इथल्या, कागदावर संशोधन करणाऱ्या संस्थेत मॅकी नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलं. त्यानुसार खोक्याचा घेर दुप्पट केला तरी ताकद दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पटच होते. वजन पडलं की भिंती मधून फुगतात आणि भार कोपऱ्यांवर जातो. घेर वाढला तरी कोपरे चारच राहतात.

रत्नागिरी-देवगडचा हापूस पूर्वी लाकडी पेट्यांतून यायचा. आता पुठ्ठ्याचे खोके खूप वाढलेत, तरी शब्द पेटीच राहिला. आंबा पिकताना श्वास घेतो, ऊब सोडतो, म्हणून खोक्याला भोकं लागतात, आणि प्रत्येक भोक ताकद खातं. त्यात हंगाम सरता सरता हवा दमट होते. नव्वद टक्क्यांच्या आर्द्रतेत असा खोका निम्मी ताकद गमावून बसतो. यंदा पेटी आणलीत की आंब्याआधी तिच्या भिंती बघा. नीट बनवलेल्या पेटीची भोकं भिंतीच्या मध्याकडे असतील आणि चारही कोपऱ्यांजवळचा पुठ्ठा अखंड ठेवलेला असेल.