गव्हर्नर असला तरी चलन येतं
‘ट्रकला स्पीड गव्हर्नर (वेग आवरणारं यंत्र) आहे, म्हणजे ओव्हरस्पीडचं चलन येऊच शकत नाही, आलं तर कॅमेरा बिघडलेला,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतंही.

पण गव्हर्नर फक्त इंजिनाचं डिझेल आवरतो, तेही बहुतेक मालट्रकना ताशी ८० किलोमीटरवर. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ८० ची मुभा एक्स्प्रेसवे आणि दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यांपुरतीच आहे. शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. बोर्डावर त्याहून कमी आकडा असेल, तर तोच लागू. म्हणजे गावातून ७० नं गेलेला ट्रक गव्हर्नर ठणठणीत असूनही चुकतो. बोरघाटाच्या उतारावर भरलेली गाडी न्यूट्रल केली, तर वेग वजनानंच वाढतो. तिथे डिझेल तोडून काय होणार?

शंका असेल तर ई-चलनातलं ठिकाण आणि नोंदलेला वेग बघा, मग तिथल्या बोर्डाशी ताडून पाहा.