उंदीर बेटावर, उपासमार समुद्रात

मालदीवच्या दक्षिणेला चागोस नावाचा छोट्या छोट्या बेटांचा पुंजका आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथे नारळाच्या बागांसाठी जहाजं आली आणि त्यांतून काळे उंदीर उतरले. काही बेटांवर मात्र ते पोचलेच नाहीत, त्यामुळे शास्त्रज्ञांना आयती तुलना मिळाली. त्यांनी 12 बेटं निवडली. सहांवर उंदीर होते, सहांवर नव्हते.

सागरी परिसंस्थांचे अभ्यासक निक ग्रॅहम आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2018 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी 760 पट होती! जमिनीवरच्या शिकाऱ्याची या पक्ष्यांना सवयच नाही. त्यांतले काही सुरय (टर्न) पक्षी तर घरटंही बांधत नाहीत, उघड्या वाळूवर अंडं घालतात. उंदीर आला की अंडंही जातं आणि पिल्लूही.

मला अधिक मोलाची वाटते ती पुढची साखळी. हे पक्षी दूरवरच्या खोल समुद्रात मासे पकडतात आणि बेटावर शिटतात. त्या विष्ठेतलं नत्र मातीत मुरतं, पावसाबरोबर प्रवाळावर उतरतं. या विष्ठेत नत्राचा जड प्रकार (समस्थानिक) जास्त असतो, त्याच्या प्रमाणावरून तिचा माग काढता येतो. माती, झाडाची पानं, शेवाळं आणि ते खाणारे डॅमसेल मासे, सगळीकडे ही खूण सापडली. माशांच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं असतात. ती मोजल्यावर दिसलं, की पक्ष्यांच्या बेटांजवळचे डॅमसेल लवकर वाढतात. तिथे माशांचं एकूण वजनही 48 टक्के जास्त भरलं.

उंदीर काढता येतात, पण अर्धवट काम चालत नाही. एक गाभण मादी उरली तरी सगळं मुसळ केरात. अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जियावर 2011 ते 2015 दरम्यान तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं. मग वास काढणारी कुत्री फिरवून खात्री केली आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

चागोसची समुद्राखालची डोंगररांग उत्तरेला थेट आपल्या लक्षद्वीपपर्यंत येते. तिथल्या निर्मनुष्य पिट्टी बेटावर सुरय वीण घालतात. 1995 पासून ते पक्षी अभयारण्य आहे. विणीच्या दिवसांत माणूस उतरला की थवाच्या थवा उडतो आणि उघडी अंडी उन्हात भाजतात. म्हणून त्या काळात होडी लांबच ठेवावी. पाहणीसाठी उतरणं भागच असेल, तर उंदीर दडलेला नाही ना हे पाहायला प्रत्येक गोणी, खोकं आणि दोरखंडाची वेटोळी निघण्याआधीच उलगडून तपासावीत.