खाडा कुठून येतो?

'पोट बिघडलंय, आज येत नाही.' सकाळी असा निरोप आला की साहेबाचं निदान तयार असतं: कामचुकार! मग हजेरीचं बक्षीस, योगासनांचं शिबिर, प्रेरणादायी व्याख्यान. माझ्या मते हे ताप मोजायचं सोडून ताईत बांधण्यासारखं आहे.

आधी खाडे मोजायचे कसे, ते बघू. एकाने वर्षात सलग १० दिवस रजा घेतली, दुसऱ्याने १० वेळा एकेक दिवस. मस्टरवर दोघांचे दहाच. 'ब्रॅडफर्ड फॅक्टर' या सूत्रात मात्र किती वेळा रजा घेतली त्या आकड्याचा वर्ग करून दिवसांनी गुणतात. पहिल्याचे गुण १०, दुसऱ्याचे १०००! माणसाला धारेवर धरायला हे सूत्र वापरतात ते मला पटत नाही, पण फरक खरा आहे. लांब रजेमागे बहुधा शरीर-मन थकलेलं असतं. सुटे खाडे वाढले तर कामातलं मन उडाल्याची शंका घ्यावी.

मन उडतं कशाने? नुसत्या जास्त कामाने नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की ताण दोन गोष्टींवर ठरतो: कामाचा रेटा आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा. रेटा जास्त, मुभा शून्य, हे सगळ्यात वाईट. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल दोन' अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात खालच्या श्रेणीत आजारपणाच्या रजा कितीतरी जास्त दिसल्या, आणि कामावर ताबा कमी असण्याशी त्यांचा संबंधही दिसला. अर्थात, आधीच आजारी असलेला माणूस कामाबद्दल जास्त कुरकुरत असेल, ही शंका उरतेच. म्हणून आज काम कसं आहे ते विचारायचं आणि रजा पुढची काही वर्षं मोजायच्या.

एका खाड्यातून पुढचा खाडा कसा येतो, हा काळाचा खरा खेळ ब्रिटनच्या कोळसाखाणींत दिसला. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ या संशोधकांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिलं. पूर्वी दोन-चार जणांची टोळी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळं स्वतः करायची. यंत्रं आल्यावर तेच काम तीन पाळ्यांत तुकडे करून वाटलं. आधीच्या पाळीने अर्धवट टाकलेलं पुढच्या पाळीतल्या भरणाऱ्यांच्या गळ्यात. त्यातला एक आला नाही की त्याचा वाटा उरलेल्यांवर. ते दमले की उद्या त्यांच्यातलाच कुणीतरी घरी, आणि परवा आणखी एक.